गावरानी पऱ्हाटी

परभणी जिल्ह्याच्या काळ्या रानातून गावरानी पऱ्हाटी, म्हणजे इथला देशी कापूस, कधी गेली त्याची तिथी कुणी लिहून ठेवलेली नाही. दर खरिपाला तिचे एखादे तास कमी होत गेले आणि पुढे ती शोधूनच पाहावी लागू लागली. एवढी सेवा करून गेलेल्या वडीलधाऱ्या जिवाला चार शब्द वाहिलेच पाहिजेत.

निजामी अमदानीत गोदाकाठचा हा मुलूख गावरानी कापसासाठी नावाजलेला होता. 1947 साली देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी सुमारे 97 टक्के क्षेत्र देशी वाणांचे होते.

तिचे मागणे थोडे. घरचीच सरकी, पेरणीआधी शेणकाल्यात चोळलेली. शेजारी तुरीच्या ओळी. पावसाने ओढ दिली तरी खोल मुळांवर ती तग धरी आणि तुडतुड्यांना सहसा बधत नसे. वेचणीला मात्र माणसे लागत. बोंड लहान आणि फुटले की कापूस खाली गळे, म्हणून बाया सकाळच्या गारव्यातच ओटी बांधून पाती धरत. त्या ओटीतून देवाची वात आली, लेकीच्या रुखवतातली गादी आली. सरकी म्हशीपुढे गेली, वाळल्या पऱ्हाट्या चुलीत. तिचे काहीच वाया गेले नाही.

गिरण्यांना लांब धागा हवा होता, शेतकऱ्याला एकरी जास्त उतारा. दोन्ही गरजा रास्तच होत्या. 1970 मध्ये संकर-4 आला, मग नांदेडचा एनएचएच-44, 2002 पासून बीटी. गावरानीने जागा करून दिली.

त्यानंतर दूरदेशीचे पाहुणे आले. 2006च्या सुमारास अमेरिका खंडातला पिठ्या ढेकूण आपल्या कापसावर पसरला. एका इवल्या परोपजीवी कीटकाने पुढे त्याला आवरले, हे आपले भाग्य. उत्तर भारतात पांढऱ्या माशीने पाने आकसवणारा विषाणू अमेरिकन कापसात फिरवला. देशी कापसाला मात्र तो रोग होत नाही. ही ताकद गावरानीच्या रक्तातच होती आणि मला तिचा सर्वात मोठा वारसा हाच वाटतो.

तिच्या पश्चात परभणीच्या कृषी विद्यापीठाने मेहबूब बाग प्रक्षेत्रावर सांभाळलेला परिवार आहे: परभणी तुराब, आणि लांब धाग्यासाठी घडवलेले पीए 740, पीए 810, पीए 812.