तवा तापला, भाकर कच्ची

आमच्या आळंद तालुक्यात तूर म्हणजे वर्षाचा हिशेब. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरी मात्र डाळीची पारख आईच्या हातात. तेलाचा हात लावून, पाणी शिंपडून मुरवलेली तूर ती माळवदावर वाळवते, भरडते आणि गल्लीत विकते. माझी फी त्यातूनच जाते. मागच्या वर्षी चार दिवस आभाळ राहिलं, तूर कुबट झाली. आईने लोकांचे पैसे परत केले. ती काही बोलली नाही, पण मला ते लागून राहिलं.

यंदा येळवसेला गावी आलो आणि सौर हवातापक करायला घेतला. पत्र्याची पेटी, वर काच, मध्ये काळा रंगवलेला पत्रा, त्याच्या खालून हवा ढकलणारा जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. दुपारी पत्र्याचा चटका बसला, पण बाहेर येणारी हवा कोमटच. आई म्हणाली, "तवा तापलाय आन् भाकर कच्चीच की रं!"

दुखणं तिने नेमकं सांगितलं होतं. पत्र्यालगत हवेचा पातळ थर जवळजवळ थबकलेला असतो. पाण्याच्या तुलनेत हवेची उष्णतावाहकता वीसपटीहून कमी, म्हणून तो थर गोधडीसारखा आड येतो.

आई वाळत्या तुरीतून पाय ओढत सऱ्या पाडते, तेव्हा खालचे दाणे वर येतात. तेच आठवून पत्र्याच्या खालच्या अंगाला, हवेच्या वाटेत आडव्या तारा झाळून बसवल्या. हौसेने दाटीवाटीने बसवल्या. पंखा दमला, हवाच कमी झाली!

मग पुस्तक उघडलं. तारेवरून उसळलेली हवा तारेच्या उंचीच्या सहा-आठ पट पुढे जाऊन पुन्हा पत्र्याला भिडते. त्याआधीच दुसरी तार आली, तर ती भिडणार कुठे? मग दोन मिलिमीटर जाडीच्या तारा दोन-दोन सेंटिमीटरवर लावल्या. पंख्यावर थोडा ताण राहिलाच. पण झोत आता हाताला चांगला गरम लागला.

आभाळ गच्च भरलं तर ही पेटीही हात टेकते, हे आईला आधीच सांगितलं. तिने झोतासमोरच्या जाळीवर दोनच शेर तूर पसरली. संध्याकाळी एक दाणा दाताखाली धरला. कट्!

"उद्या पायलीभर घालू," ती म्हणाली.