विटा ते सांगली : औषधाची फेरी

विट्याहून तासगावमार्गे सांगलीला जाणारी एसटी येरळेचे खोरे उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे उतरते. मागे खानापूर-आटपाडीचा माळ राहतो. टेंभू योजनेमुळे तेथे आता कृष्णेचे पाणी पोहोचले आहे. तथापि दुष्काळाने लावलेली परगावी जाण्याची सवय अद्याप सुटलेली नाही. येथील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी भारतभर विखुरलेले आहेत, आणि गावातील कित्येक घरे वर्षभर वृद्धांच्याच भरवशावर चालतात. पुढे द्राक्षांचे मांडव लागतात, बेदाण्याच्या शेड लागतात, तासगावच्या गणपतीचे सात मजली गोपूर दिसते. प्रवास रम्य आहे. परंतु या गाडीतील काही प्रवासी सांगलीच्या शासकीय रुग्णालयातील एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात निघालेले असतात, आणि त्यांत एखादी आजी व तिचा नातू असतोच.

सांगली जिल्हा एके काळी राज्यातील एचआयव्हीचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मीना सेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने येथे १९९२ पासून काम केले आहे. आजार कोणत्या घरात कोणत्या वाटेने आला, याची चर्चा हा गावाचा आवडता उद्योग असतो. मुलाच्या दृष्टीने ती चर्चा निव्वळ निरर्थक होय. मोफत एआरटीचा राष्ट्रीय कार्यक्रम १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला आणि मुलांसाठी स्वतंत्र उपक्रम २००६ मध्ये. तोवर अनेक आईबाप गेले होते. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांनी वाढवली.

अशाच एका आजींनी केंद्राबाहेरच्या बाकावर मला विचारले, ‘‘डॉक्टर, पोरगं गोळी येळंवर घेतंय, रिपोर्ट बी चांगला हाय म्हणत्यात. मग गणित का डोस्क्यात शिरत न्हाई? सांगितल्याली तीन कामं असली तर दोन इसरतंय. मास्तर म्हणत्यात, आळशी हाय.’’

नातू चौदा वर्षांचा. अंगापिंडाने ठीक, लाजाळू. त्याला औषध सुरू झाले ते चौथ्या वर्षी, वारंवार न्यूमोनिया होऊ लागल्यावर.

या प्रश्नाचे उत्तर त्या चार वर्षांत दडलेले आहे. एचआयव्ही केवळ रक्तात राहत नाही. संसर्गानंतर लवकरच, बाधित पांढऱ्या पेशींबरोबर तो मेंदूत शिरतो. तेथे तो दीर्घकाळ मंद दाह धुमसत ठेवतो. अर्भकाचा मेंदू याच काळात आपली जोडणी करीत असतो. एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप वेगाने नेणाऱ्या तंतूंवर आवरण चढत असते. त्या कामात अडथळा आला की बुद्धी नष्ट होत नाही, पण निरोप सावकाश पोहोचतात. म्हणून अशी मुले गोष्ट समजून घेतात, मात्र उत्तरास वेळ लावतात. अनेक सूचना एकदम लक्षात ठेवणे आणि कामाचा क्रम आखणे त्यांना विशेष जड जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो. औषध रक्तातील विषाणू आटोक्यात आणते. आधी झालेली हानी मात्र ते पूर्णपणे भरून काढतेच असे नाही.

दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन व सोवेटो येथे झालेल्या ‘चेर’ या अभ्यासात काही बाळांना वयाच्या बारा आठवड्यांच्या आत औषध दिले गेले, तर काहींना आजाराची लक्षणे किंवा प्रतिकारशक्ती घटल्याची चिन्हे दिसेपर्यंत थांबवले गेले. लवकर औषध मिळालेल्या बाळांतील मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले, आणि त्यांची वाढ-विकासाची चाचणीही सरस ठरली. याउलट थायलंड व कंबोडिया येथील ‘प्रेडिक्ट’ अभ्यासात एक वर्षापुढील मुले होती. त्यांच्यात औषध लगेच सुरू केले काय आणि थोडे थांबून केले काय, बौद्धिक विकासात फारसा फरक पडला नाही. दोन्ही गट निरोगी मुलांच्या मागेच राहिले. पहिल्या काही महिन्यांचे मोल यावरून कळते. बाधित मातेच्या बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यातच करवून घेण्याचा आग्रह धरायचा तो यासाठी.

परंतु प्रत्येक दोष विषाणूच्या माथी मारणेही योग्य नव्हे. या मुलाने आईबाप गमावले होते, आजारपणात शाळा बुडाली होती, खाण्याचीही आबाळ झाली होती. त्याच्या कानातून लहानपणी पू येत असे, हे आजींनी सहज सांगितले. ते महत्त्वाचे होते. ज्याला नीट ऐकू येत नाही तोही वर्गात ‘ढ’ ठरतो. म्हणून कान, डोळे आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी आधी करावी, असे मी सुचवले.

घरी काय करता येईल? एका वेळी एकच काम सांगावे. दिवसाची कामे भिंतीवर लिहून ठेवावीत. गोळीची वेळ चुकवू नये. गोळीने गरगरते किंवा झोप बिघडते असे वाटले, तरी ती स्वतःहून बंद न करता केंद्रात सांगावे. शिक्षकांना आजाराचे नाव सांगण्याची सक्ती नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ती गोपनीयता दिली आहे. ‘त्याला उत्तरासाठी थोडा अधिक वेळ लागतो’, एवढे सांगणे पुरेसे आहे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेतही जादा वेळ मिळतो.

आजींनी हे सारे ऐकून घेतले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘त्याला ठावंच न्हाई ओ कशाची गोळी हाय ती. रक्त वाढायची म्हणून सांगितलंय.’’

चौदाव्या वर्षी ही लपवाछपवी टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी वयातच, सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, मुलाच्या समजुतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने सांगावे असे म्हणते. कारण न कळलेली गोळी मूल वयात आल्यावर फेकून देते. आजींची कल्पना दिवाळीनंतर पाहू अशी होती. मी त्यांना समुपदेशक ताईंच्या खोलीत नेले. पुढच्या फेरीला नातवासह थोडे लवकर यायचे, आणि सांगण्याची सुरुवात ताईंनी करायची, पण आजींनी शेजारी बसायचे, असे ठरले. नातू तोवर खिडकीपाशी उभा राहून औषधाच्या डब्या मोजून पिशवीत भरत होता. संख्या त्याने दोनदा तपासली. ती बरोबर होती.