सहलीला जायचे कधी?

खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. मुंबई-पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येते. प्रश्न असतो तो महिन्याचा. मे महिन्यात सुट्टी असते, पण ऊन आणि रांगा दोन्ही सोसाव्या लागतात. जुलैत घाटाखाली मुसळधार पाऊस. उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात. ईदला जोडून जावे, तर ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. कधी उन्हाळ्यात, कधी परीक्षेत येते. त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस बरे. शनिवार-रविवार टाळावा. शाळा बुडत नाही, हवा सोसवते. मुले कधीही तयारच असतात; तारीख ठरवताना आधी दादींना विचारावे. दिवसभर चालणे त्यांना झेपले, तरच सहल साऱ्या घराची होते.