पडद्यावर दोन गुंड्याभाऊ

मराठीच्या प्राध्यापकाच्या आयुष्यात हसण्याचे प्रसंग थोडे आणि हसे होण्याचे पुष्कळ. त्यांतलाच एक आज सांगतो. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या एका गोष्टीचा शोध मी जवळजवळ वीस वर्षे घेत होतो. पुस्तके चाळून झाली, ग्रंथालये पालथी घालून झाली, जाणकारांना पत्रे लिहून झाली. आणि गोष्ट सापडली ती कामशेतला, ऐंशी उलटलेल्या एका गृहस्थांच्या खाटेवर!

गोष्ट माझे वडील सांगत. बाबा नगरपालिकेत कारकून होते. आयुष्यभर आवकजावकीच्या वहीत नोंदी करून त्यांच्या बोलण्यालाही तेच वळण लागले होते. आवक पुष्कळ, जावक अगदी बेताची. घरात त्यांना मोठ्याने हसताना मी पाहिल्याचे आठवत नाही. मात्र पावसाळ्यात दिवे गेले, की वर्षातून एखाद्या वेळी त्यांना ही गोष्ट आठवे. (आमच्या वलवणच्या तलावाचे पाणी खोपोलीला उतरून १९१५ पासून मुंबईसाठी वीज तयार करते आहे. आम्ही मात्र प्रत्येक आषाढात कंदिलाच्या काचा पुसून ठेवतो. असो.) कंदील लागला, की बाबा कार्यालयीन टिपणी वाचून दाखवावी तशा सपाट आवाजात सुरुवात करीत.

चिमणराव, काऊ आणि गुंड्याभाऊ पुण्याहून मुंबईला निघाले आहेत. गाडी लोणावळ्याला थांबते. चिमणराव गरम भज्यांसाठी उतरतात, सोबत गुंड्याभाऊ. इकडे भज्यांच्या भावावरून घासाघीस चालते, आणि तिकडे गाडी हलते. गुंड्याभाऊ ओरडतो, "चिमण, गाडी सुटली रे!" त्यावर चिमणराव म्हणतात, "सुटू दे. तिकिटं माझ्या खिशात आहेत. बिनतिकिटाची जाऊन जाऊन जाईल कुठे?"

येथे आम्ही भावंडे लोळत असू. बाबा मात्र कंदिलाची वात खाली करून म्हणत, "झोपा आता." ही गोष्ट कुठली, असे विचारले, तर उत्तर ठरलेले असे : "टी.व्ही.च्या वेळची."

टी.व्ही.च्या वेळची म्हणजे काय, हे आजच्या वाचकांना थोडे समजावून सांगितले पाहिजे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. कार्यक्रम संध्याकाळचे आणि काळेपांढरे. त्या दशकाच्या उत्तरार्धात या केंद्राने चिं. वि. जोशी यांच्या गोष्टींवरून 'चिमणराव' ही मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि घराघरांत या जोडीची नावे एका दमात घेतली जाऊ लागली. १९७९ साली त्यांचा चित्रपटही निघाला. एक भित्रा, शब्दांनी शूर, सदा कुठल्यातरी घोटाळ्यात सापडलेला. दुसरा धिप्पाड, सरळमार्गी, विचार करण्यापूर्वी काठी उचलणारा. मी जन्मलो १९८० साली. म्हणजे पंगत उठल्यावर मांडवात आलेला पाहुणा! मला हे सगळे ऐकूनच माहीत.

लोणावळ्यात ही मालिका पाहणे म्हणजे एक स्वतंत्र उद्योग होता म्हणे. भांगरवाडीतल्या आमच्या आळीत संच एकच. तो चिक्कीच्या दुकानवाल्या शेटजींकडे. त्यांच्या पडवीत तीसचाळीस माणसे जमत. टेलिव्हिजनच्या लहरी सरळ रेषेत धावतात. डोंगर आडवा आला, की त्यांचे काही चालत नाही. आणि आमच्या मावळात डोंगराखेरीज आहे काय? वायव्येला घाटापलीकडे मुंबई, आग्नेयेला सिंहगड. अँटेना कुणाकडे वळवावी? मुंबईकडे केली, तर चित्राला मुंग्या येत. सिंहगडाकडे केली, तर चित्र स्वच्छ, पण जोडीला सावली. एखादी लहर थेट येई, तीच दुसरी डोंगरावर आपटून अंमळ उशिरा पोहोचे. आणि प्रत्येक माणसाच्या उजव्या खांद्याशी त्याचाच एक फिकट भाऊ उभा राही. त्यामुळे पुण्यामुंबईच्या लोकांनी एक गुंड्याभाऊ पाहिला, तर लोणावळेकरांनी दोन. आळीतल्या म्हाताऱ्यांना वाटे, ती कथेचीच गंमत आहे.

अँटेना फिरवायला कौलांवर चढत ते बाबांचे मित्र नाना. नाना रेल्वेत पार्सल ऑफिसात होते. अंगाने आडवे, आवाजाने उभे. बाबा सडपातळ, चष्मा लावणारे. ते खाली उभे राहून हलक्या आवाजात "थोडं डावीकडे" म्हणत आणि नाना वरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असे विचारीत, "कुणाच्या डावीकडे?" अर्थातच आळीने या दोघांचे बारसे करून टाकले. आईला बाजारात बायका "काऊताई" म्हणून हाक मारीत. ते तिला मुळीच आवडत नसे.

पुढे मी मराठी शिकवू लागलो आणि विनोदी वाङ्मयावर व्याख्यानाची वेळ आली, तेव्हा ही भज्यांची गोष्ट मुळात कुठे आहे ते पाहावे म्हणून चिं. वि. जोश्यांचे संग्रह काढले. 'चिमणरावाचे चऱ्हाट' वाचले. पुढचे सगळे वाचले. गोष्ट नाही. वाचता वाचता एक गोष्ट मात्र मनात घर करून बसली. हे जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते, आणि पुढे संस्थानचे दप्तर सांभाळणे हेच त्यांचे काम होते. सारा जन्म जुने कागद जपण्यात घालवलेला हा माणूस १९६३ साली वारला. मुंबईला टेलिव्हिजन येण्याच्या नऊ वर्षे आधी. आणि त्याची चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी पडद्यावर आली, त्या काळातले आज पाहायला मिळते ते अगदी थोडे, मूठभर. चित्रफिती महाग असत. एक कार्यक्रम पुसून तिच्यावर दुसरा घेण्याची रीत तेव्हा जगभर होती. दप्तरदाराच्या मानसपुत्रांचे दप्तरच हरवावे!

मी मनाशी ताडले : आपली गोष्ट त्या हरवलेल्यांपैकीच असणार. कथेत नाही, म्हणजे ती मालिकेसाठी नवी लिहिलेली असेल. झाले, वीस वर्षांचा छंद लागला. आमच्या आजोबांना यातले काहीच पटत नसे. त्यांच्या मते खरी जोडी 'लग्न पहावे करून' आणि 'सरकारी पाहुणे' या चित्रपटांतली. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. नंतरचे सगळे पोरखेळ. प्रत्येक पिढीला आपला गुंड्याभाऊ अस्सल वाटतो, हे त्यांच्याकडे पाहून मला कळले.

या छंदापायी मी इंग्लंडपर्यंत जाऊन आलो, अर्थात पुस्तकांतून. तिकडे एरिक मोरकम आणि अर्नी वाइज अशी एक जोडी होती. रंगभूमीवर हशा वसूल करणारी ही दोघे १९५४ साली प्रथम बी.बी.सी.च्या टेलिव्हिजनवर आली आणि सपशेल पडली. एका वर्तमानपत्राने लिहिले, की टेलिव्हिजन संच म्हणजे या दोघांना पुरण्याची पेटी. ते कात्रण मोरकम पुढे वर्षानुवर्षे खिशात बाळगीत असे. १९६१ मध्ये त्यांना दुसऱ्या वाहिनीवर पुन्हा संधी मिळाली आणि मग साऱ्या देशाने त्यांना डोक्यावर घेतले. त्यांच्याही काही फिती पुसल्या गेल्या होत्या. पण १९७० सालचा एक हरवलेला भाग मोरकमच्या मुलाला घराच्या माळ्यावर सापडला आणि २०२१ च्या नाताळात तो पुन्हा दाखवला गेला. हे वाचल्यावर मी आमचाही माळा उपसला. जुनी अँटेना मिळाली, एक पितळी घंगाळ मिळाले, आणि पाठीत उसण भरली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात बातमी वाचली : बाळ कर्वे गेले. वय पंचाण्णव. बाबा तर २०११ सालीच गेले होते. मला एकदम नानांची आठवण झाली. ते निवृत्तीनंतर कामशेतला मुलाकडे राहतात. वर्षात एखादी खेप होते, त्या वर्षी तीही झाली नव्हती. मालिकेचा उपलब्ध असलेला एक भाग मोबाइलवर घेतला आणि दुपारची लोकल पकडली. मळवली गेले, उजव्या हाताला लोहगड-विसापूर ढगांत अर्धे बुडालेले दिसत होते, खाली इंद्रायणीची भातखाचरे हिरवीगार. नानांसमोर ही बातमी कशी काढावी, याचाच विचार गाडीत चालला होता.

नानांना बातमी आधीच कळली होती. खाटेवर बसून होते. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. चष्मा पुसून त्यांनी दोन मिनिटे पाहिले आणि माझ्याकडे वळले. "अरे, दुसरा कुठाय?"

"दुसरा कोण?"

"दुसरा गुंड्याभाऊ. आमच्याकडे दोन होते." आणि पोट हलवून हसले.

मी संधी साधली. म्हटले, "नाना, तो भज्यांचा भाग कधी लागला होता? लोणावळ्याच्या फलाटावरचा? मी वीस वर्षे शोधतोय."

नाना माझ्याकडे पाहतच राहिले. "कुणी सांगितलं तुला तो टी.व्ही.वर लागला होता म्हणून?"

"बाबांनी. टी.व्ही.च्या वेळची गोष्ट, म्हणायचे."

"वेळचीच ती. वरची नव्हे."

मग त्यांनी सांगितले. श्रावणातली संध्याकाळ, पडवी भरलेली. कार्यक्रम ऐन रंगात आला आणि दिवे गेले. माणसे उठू लागली. शेटजींच्या म्हाताऱ्या आईला सांजेचे दिसत नसे. ती नुसती ऐकायला बसे. ती म्हणाली, "अगंबाई, मग पुढे काय झालं?" कुणी बोलेना. आणि तेव्हा बाबा, म्हणजे आमचे आवकजावकवाले बाबा, कंदील घेऊन काळ्या पडलेल्या संचापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पुढे ते लोणावळ्याला आले." नानांना बाहीला धरून ओढले. आधी काही ठरले नव्हते. अर्धा तास दोघांनी उभ्या उभ्या पुढचा भाग करून दाखवला. "दिवे आले," नाना म्हणाले, "तरी कुणी टी.व्ही. लावू देईना."

"मग पुन्हा कधी केलंत?"

"चारसहा वेळा, दिवे जातील तेव्हा. मग तू झालास, घरोघर संच आले. तुझा बाप म्हणाला, पुरे."

मी गप्प बसलो. ज्या माणसाच्या घरात एकतीस वर्षे राहिलो, तो चाळीस माणसांपुढे कंदिलाच्या उजेडात नाचला होता आणि मला ते पार्सल ऑफिसातल्या माणसाकडून कळत होते. इतकी मोठी गोष्ट त्यांनी आम्हांला सांगितली. फक्त तिच्यातून स्वतःचे नाव वगळून.

नानांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. ते ताठ बसले होते. अचानक खाट हादरेल अशा आवाजात ते ओरडले, "चिमण, गाडी सुटली रे!" आणि थांबले. स्वयंपाकघरातून सूनबाई धावत आल्या. नाना माझ्याकडे पाहत होते. वाट पाहत होते.

मी घाईघाईने म्हणालो, "सुटू दे. तिकिटं माझ्या खिशात आहेत..."

"अंहं." नानांनी हात वर केला. "असं नाही. तुझा बाप आधी दोन्ही खिसे चाचपायचा. मग गाडीकडे बघायचा, ती लांब जाईपर्यंत. मग बोलायचा. ऊठ, उभा राहून कर."

सूनबाई चहाचे कप हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. मी उठलो आणि खिसे चाचपू लागलो.