रात्रीचं रीडिंग

मोठ्या इमारतीच्या ऊर्जा लेखापरीक्षणाला, म्हणजे आमच्या बोलीतल्या एनर्जी ऑडिटला, मी वीजबिलांपासून सुरुवात करतो. सलग बारा महिन्यांची बिलं ओळीने मांडली की इमारतीचा स्वभाव कळू लागतो. मे महिन्यात युनिट किती चढतात, करार मागणी केवढी घेतली आहे, कमाल मागणी प्रत्यक्षात कुठवर गेली, पॉवर फॅक्टर कधी घसरला, हे सगळं त्यात असतं. १ एप्रिल २०२० पासून महावितरण उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या विजेवर, करतं. त्यामुळे खराब पॉवर फॅक्टर आता थेट युनिटांच्या आकड्यात उतरतो, आणि तो सुधारणारं कॅपॅसिटर पॅनेल बंद पडलेलं तसंच ठेवणं कुणालाच परवडत नाही.

बिलात मी सगळ्यात बारकाईने पाहतो तो सुटीचा महिना. दिवाळीत इमारत ओस पडली आणि तरी युनिट फारसे उतरले नाहीत, तर माणसं नसताना वीज कोण वापरतं, हे शोधावं लागतं. त्यासाठी रात्री दहाला आणि पहाटे सहाला मीटर वाचायचं. क्लॅम्प मीटर, पॉवर अॅनालायझर, थर्मल कॅमेरा ही साधनं नंतरची. रात्रीच्या त्या दोन रीडिंगमधला फरक अर्धं ऑडिट सांगून जातो. समजा, रात्रीचे बारा तास ५ किलोवॅटचा भार विनाकारण चालू आहे. वर्षाला त्याचे २१,९०० युनिट होतात. ते वाचवायला नवं यंत्र लागत नाही. एखादा टायमर आणि बटणाची जबाबदारी घेणारा एक माणूस पुरतो.

शहरांत आता या कामाला कायद्याचं बळ आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ऊर्जा दक्षता ब्युरो २००२ चा. इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता, म्हणजे ईसीबीसी, २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी असलेल्या व्यापारी इमारती तिच्या कक्षेत येतात; कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतींसाठीही वाट मोकळी केली. न्यूयॉर्क शहर याच्या पुढे गेलं आहे. तिथल्या २००९ च्या कायद्याने ५० हजार चौरस फुटांवरच्या इमारतींना दहा वर्षांतून एकदा ऑडिट सक्तीचं केलं. २०१९ च्या कायद्याने मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनाला मर्यादा घातल्या. त्या २०२४ पासून लागू झाल्या आणि ओलांडल्या तर दंड आहे.

श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावात हे नियम क्वचितच पोचतात. आपली संहिता मुख्यतः नव्या बांधकामासाठी आहे, आणि १०० किलोवॅटची रेघ गाठणाऱ्या इमारती इथे बोटांवर मोजण्याइतक्या. पण महाविद्यालयं आहेत, रुग्णालयं आहेत, मंगल कार्यालयं, बँका, दुधाची शीतकरण केंद्रं आहेत. प्रत्येकाचं बिल दरमहा येतं, आणि त्यातलं वाया गेलेलं युनिट पुण्यातल्या टॉवरमधल्या युनिटाइतकंच खरं असतं.

पाण्याचंच घ्या. तालुक्यातल्याच पेडगावला भीमेच्या काठी बहादूरगडावर हत्तीमोटेचे अवशेष आहेत. नदीचं पाणी वर चढवायला तिथे हत्ती जुंपत. पाण्याचं वजन आणि चढाची उंची यांचा हिशेब तेव्हा होता तोच आजही आहे. १,००० लिटर पाणी ३० मीटर चढवायला निसर्गनियमाने सुमारे ०.०८ युनिट लागतं. पंप आणि मोटर मिळून निम्मी कार्यक्षमता असेल तर ०.१६ युनिट. झिजलेला इंपेलर, पुनःपुन्हा रिवाइंड केलेली मोटर आणि अरुंद पाइप एकत्र आले की तेच पाणी ०.३ युनिटावर जातं. टाकी रोज भरते, म्हणून कुणाची तक्रार येत नाही. शेतावरचा पंप पाणी कमी टाकायला लागला तर आपला शेतकरी त्याच दिवशी ओळखतो; इमारतीच्या पंपाकडे मात्र वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही.

पंख्यांचा आणि ब्लोअरचा नियम याहून उदार आहे. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ७५ वॅटच्या जुन्या छतपंख्याच्या जागी बीएलडीसी पंखा लावला की ३० वॅटच्या आसपास काम भागतं. वातानुकूलन यंत्राचं तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसीवर २४ अंशांचं मूळ सेटिंग आलं ते म्हणूनच.

तालुक्यातला ऊर्जेचा सगळ्यात मोठा संसार साखर कारखान्याचा. नागवडे आणि कुकडी हे दोन सहकारी कारखाने श्रीगोंदा तालुक्यातच आहेत, आणि साखर उद्योगाचं नाव ऊर्जा संवर्धन कायद्याच्या परिशिष्टातच आहे. कारखाना आपलं इंधन उसातूनच घेतो. गाळपातून निघालेल्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चिपाडात, साधारण निम्मं पाणी असतं. तो बॉयलरमध्ये जळतो, वाफ टर्बाईन फिरवते आणि तीच वाफ पुढे रस आटवते. म्हणून साखर कारखान्यात पहिल्यांदा वाफेचा हिशेब मांडावा लागतो: गळका स्टीम ट्रॅप, उघडी पडलेली पाइपलाइन, बॉयलरकडे परत न जाणारं गरम पाणी. वाचलेली वाफ म्हणजे शिल्लक राहिलेला बगॅस, आणि त्या शिलकीवर सभासद शेतकऱ्याचा हक्क आहे.

या कामात सगळ्यात जाणता माणूस मला इमारतीच्या तळघरात किंवा पंपघरात भेटतो. वायरमन, बॉयलर अटेंडंट, रात्रपाळीचा ऑपरेटर. "साहेब, हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मोटर तापते, म्हणून आम्ही अर्धाच ठेवतो," असं तो सहज सांगतो, आणि चुकीच्या मापाचा पंप बसवला गेला आहे हे त्या एका वाक्यात उघड होतं. असं वाक्य कुठल्याही यंत्राच्या पडद्यावर उमटत नाही. अहवाल वरच्या मजल्यावर वाचला जातो, पण बचत खालच्या मजल्यावर होते. जिथे अहवालातल्या शिफारशी ऑपरेटरला मराठीत समजावून दिल्या जातात आणि वाचलेल्या पैशाचं श्रेय त्यालाही मिळतं, तिथेच वर्षभरानंतर आकडे खाली राहतात. नाही तर उत्तम अहवालसुद्धा कपाटात जातो आणि मीटर पूर्वीच्याच गतीने फिरत राहतं.

नियम श्रीगोंद्यापर्यंत कधी ना कधी येईल. राज्यांना कक्षा रुंद करण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. पण त्याची वाट कशाला पाहायची? संस्थाचालकांनी, मुख्याध्यापकांनी, रुग्णालयाच्या डॉक्टरांनी, मंगल कार्यालयाच्या मालकांनी या आठवड्यात एवढंच करावं: बारा महिन्यांची बिलं काढावीत, आणि एका रात्री दहाला व पहाटे सहाला मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. वजाबाकी तुम्हाला स्वतःलाच करता येईल. तो आकडा मोठा निघाला तर पहिल्यांदा आपल्या वायरमनला बोलवा, ऑडिटरला त्यानंतर.