सामान सांभाळणाऱ्या आम्ही दोघी

शाळेची सहल दौलताबादला निघाली की आमचं काम ठरलेलं असे. मुली किल्ल्यावर चढायच्या आणि आम्ही दोघी शिक्षिका खंदकाच्या पुलाअलीकडे सावली बघून दप्तरं, डबे आणि पाण्याच्या बाटल्या राखत बसायचो. एकीने गुडघ्याचं कारण सांगायचं, दुसरीने ‘सामानाजवळ कुणीतरी हवंच’ म्हणायचं. सोबत आलेले शिपाईमामा दरवर्षी म्हणत, ‘‘आपा, मी बसतो ना इथे.’’ आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

खरं कारण वेगळंच होतं. पुलापलीकडे अंधारी आहे, आणि आम्हा दोघींनाही अंधाराची भीती वाटते. एक लहानपणी लग्नघरात धान्याच्या खोलीत चुकून कोंडली गेली होती. दुसरीला आजही लिफ्टमध्ये घाम फुटतो. चाळिशी उलटली, बी.एड. झालं, वर्गात रोज मुलींना ‘घाबरू नका’ म्हणून सांगतो. पण स्वतःची भीती मात्र कधी एकमेकींनाही बोलून दाखवली नव्हती.

औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, वेरूळच्या रस्त्याला सुमारे 15 किलोमीटरवर हा किल्ला आहे. यादवांची ही देवगिरी. 1327 साली मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली आणि गावाचं नाव दौलताबाद झालं. सुमारे 200 मीटर उंचीची ही टेकडी दुरून सुळक्यासारखी दिसते. तिचे कडे तासून भिंतीसारखे सरळ केलेले आहेत, भोवती खडकात खोदलेला खंदक आहे. चांद मिनार मागे टाकून, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह जिथे कैदेत होता तो चिनी महाल ओलांडून पुढे गेलं की हा खंदक लागतो. त्यापुढची वाट डोंगराच्या पोटातून जाते. तीच अंधारी.

चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला होता. इथल्या तुरुंगातले उंदीर मांजरापेक्षा मोठे असतात आणि त्यांना पाहून मांजरंच पळतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हे सांगितल्यावर मुली खिदळल्या. आम्हाला काही हसू आलं नाही.

त्या वर्षी नेहमीप्रमाणे आम्ही सामानाजवळ बैठक मारली. रांग पुढे सरकली, तेवढ्यात नववीतली एक मुलगी रांग सोडून मागे आली आणि आमच्या शेजारी बसली.

‘‘आपा, मैं बी यहींच बैठती.’’

‘‘का गं?’’

‘‘डर लगता. आप बी तो नहीं जाते ना?’’

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. याच मुलीने तीन दिवसांपूर्वी तालुक्याच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेचा फॉर्म आमच्या टेबलावर परत आणून ठेवला होता. ‘माझं मराठी कच्चं आहे, सगळे हसतील,’ म्हणाली होती. तेव्हा आम्ही तिला हिमतीवर अर्धा तास ऐकवलं होतं. आता कळलं की तो अर्धा तास वाया गेला होता. ती आमचं बोलणं ऐकत नव्हती, आम्हाला पाहत होती. तिच्या भीतीला आम्हीच शेजारी बसायला जागा करून दिली होती.

शिपाईमामांना हाक मारली. तिचा एक हात एकीने धरला, दुसरा दुसरीने. कोणी कोणाला आधार देत होतं, ते विचारू नका.

आत शिरताच पाच-दहा पायऱ्यांत उजेड संपला. वटवाघळांचा उग्र वास आला. पायऱ्या लहानमोठ्या, वळणं अचानक येणारी. वाटाड्या पुढे मशाल धरून सांगत होता : शत्रू इथे आला की त्याला पुढचं काही दिसायचं नाही. एका वळणावर उजेड दिसला म्हणून तिकडे धावला तर थेट खंदकात जायचा. वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आत धूर सोडायचीही सोय होती. मग त्याने क्षणभर मशाल आडोशाला धरली. डोळे उघडे की मिटलेले तेही कळेना. छाती धडधडत होती, ओठांवर दुआ होती, आणि मुलीची बोटं आमच्या हातात रुतली होती. ‘‘आता चला,’’ वाटाड्या म्हणाला, आणि पाऊल पडलं. मग दुसरं पडलं. भीती गेली नव्हती, ती सोबत चालत होती.

बाहेर उजेडात आल्यावर मुलीने विचारलं, ‘‘आपा, मग किल्ल्यातले लोक रोज कसे जात असतील?’’ प्रश्न साधाच, पण आम्ही थांबलो. त्यांच्यासाठी तो रोजचा जिना होता. वाट ठाऊक नव्हती, त्यालाच तो सापळा. आणि वाट ठाऊक व्हायची तर एकदा तरी आतून जावं लागतं, जाणत्याचा हात धरून का होईना.

वर बारादरीत वारा खात बसलो तेव्हा तिला म्हणालो, ‘‘तू मघाशी ‘यहींच’ म्हणालीस. तो ‘च’ मराठीचा आहे.’’ ती बघतच राहिली. दिल्लीहून इथे आणलेली माणसं काही खुशीने आली नव्हती. पण ती इथल्या लोकांत मिसळली, आणि आपल्या घरात बोलली जाते ती दखनी अशाच मिसळण्यातून घडली. ‘‘जी भाषा तुझ्या तोंडात आधीच आहे, तिला काय भ्यायचं?’’

उतरताना पुन्हा अंधारीतूनच यायचं होतं. या वेळी ती पुढे होती आणि आम्हाला सांगत होती, ‘‘आपा, संभाल के, यहाँ सीढ़ी ऊँची है.’’

तिने स्पर्धेत भाग घेतला. बक्षीस मिळालं नाही. मध्येच अडखळली, गप्प उभी राहिली. समोर कुणीतरी हसलंही. पण उरलेलं भाषण पूर्ण करूनच खाली उतरली. पुढच्या वर्षी फॉर्म मागायला ती स्वतः आली.

भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. आम्हीही वाटाड्या घेतला, हात धरले, मुली पुन्हा पुन्हा मोजल्या. दम्याचा त्रास असलेल्या मुलीला आत नेलं नाही. बेफिकीर होणं म्हणजे हिंमत नव्हे. पण आपल्या घरांतही कितीतरी अम्मी, खाला, दादी अशा सामान सांभाळत बसलेल्या आहेत. बँकेत एकट्या जायचं असो, कॉलेजसाठी मुलीला दुसऱ्या शहरात पाठवायचं असो की सभेत उभं राहून चार शब्द बोलायचे असोत, कारणं आपल्याकडे तयार असतात. शेजारी एक मुलगी येऊन बसते आहे, तेवढं मात्र आपल्या लक्षात येत नाही.

यंदाही सहल दौलताबादलाच नेली. पुलाशी आलो तेव्हा गुडघे खरंच दुखत होते. सामान मामांजवळ ठेवलं आणि रांगेत उभ्या राहिलो.