एका मेलांजची मुदत

तापातून उठल्यावर व्हिएन्नात पहिल्यांदा बाहेर पडले, ती थेट कॅफे हावेल्कात. 1939पासूनची जागा, भिंती धुरकटलेल्या, गाद्या झिजलेल्या. वेटरने तबकातून मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, आणली, शेजारी पाण्याचा ग्लास, त्यावर पालथा चमचा. एवढ्यावर तासन्‌तास बसावं, कुणी बिल पुढे सरकवत नाही. लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं वाचत माणसं एकेकटी बसली होती. 2011मध्ये ऑस्ट्रियाने ही कॉफीगृहांची रीत अमूर्त वारशाच्या यादीत घातली. मला मात्र कप रिकामा झाल्यापासून उगीच अवघडल्यासारखं होत होतं. काही न करता जागा अडवायचा हक्क आपण केव्हा सोडून दिला? वेटरने न मागता पाण्याचा ग्लास बदलला. ताप उतरला होता. घाई अजून अंगात होती.